वाचकांचे प्रश्न : ‘मिरेय’ हे नाव आलं कुठून?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ मार्सेलला नोकरीला आहे, वहिनी तिथलीच. त्यांना मुलगी झालीय आणि वहिनीच्या आजीच्या नावावरून तिचं नाव मिरेय ठेवलंय. दिवाळीत ते येणार आहेत, तेव्हा घरी बारसं करायचं, आणि आत्या म्हणून नाव मीच कानात सांगणार. पण माझी आई म्हणते, “हाई काय नाव शे? सरळ मीरा म्हना ना!” मीरा आणि मिरेय एकच का? अर्थ काय? कुठल्या संताचं आहे का? नीट सांगा, कारण घरात रोज हाच विषय चाललाय.
— एक आत्या, पाचोरा

उत्तर : ताई, आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा, त्यांच्या कानाला जे साम्य ऐकू आलं ते आवाजाचं आहे आणि ते कुणालाही येईल. पण मीराबाईच्या मीरेशी या नावाचं काही नातं नाही. हे नाव फ्रान्सच्या दक्षिण टोकाचं, प्रोव्हांस नावाच्या मुलखातलं आहे, आणि मजा बघा, ते मुळात फ्रेंच भाषेतलं पण नाही. तिथं पूर्वापार बोलली जाणारी प्रोव्हांसाल म्हणून वेगळी बोली आहे, तिच्यातलं मूळ रूप ‘मिरेयो’. आपल्याकडे ओ लागला की पुरुषाचं नाव वाटतं, त्या बोलीत उलटं आहे, बाईच्या नावाला आणि स्त्रीलिंगी शब्दाला शेवटी ओ येतो, प्रोव्हांसला सुद्धा ते प्रुव्हेन्सो म्हणतात. त्या मिरेयोचं फ्रेंच रूप झालं मिरेय.

हे नाव जगात आणलं ते फ्रेदेरिक मिस्त्राल नावाच्या कवीनं. 1830 साली मायान नावाच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म, वकिली शिकून आला आणि मग परत शेतावर येऊन आपल्या बोलीत लिहायला बसला. 1859 मधे त्याचं बारा सर्गांचं दीर्घकाव्य आलं, त्याचं नावच ‘मिरेयो’. पुस्तकात एका बाजूला मूळ बोली आणि समोर फ्रेंच भाषांतर, दोन्ही त्याचंच. सुरवातीलाच तो सांगून टाकतो की मी प्रोव्हांसच्या एका पोरीचं गाणं गातोय, आणि गातोय ते मेंढपाळांसाठी आणि मळ्यांवर राहणाऱ्या लोकांसाठी. पॅरिसचा त्या काळचा मोठा कवी लामार्तीन यानं ते वाचलं आणि एक महाकवी जन्मला म्हणून जाहीर लिहिलं, तिथून मिरेयचं नाव सगळ्या फ्रान्सभर गेलं.

गोष्ट सांगतो, कारण गोष्ट कळल्याशिवाय हे नाव कानात सांगण्यात अर्थ नाही. मिरेय ही मोठ्या शेतकऱ्याची पोर. मळ्यावर तुतीची झाडं, रेशमाचे किडे पाळायचे, त्यांच्यासाठी पानं तोडायला बाया-पोरी झाडावर चढायच्या, आणि तिथंच तिची आणि वँसाँची गाठ पडते. वँसाँ टोपल्या विणणारा, गावोगाव फिरणारा, घरात दमडी नाही. तिला मागणी घालायला मेंढ्यांचा मालक येतो, घोड्यांचा मालक येतो, बैलांचा राखणदार येतो, ती सगळ्यांना नाही म्हणते. बाप मात्र ऐकत नाही, टोपलीवाल्याला मुलगी देणार नाही म्हणतो. मग ती एकटी पहाटे घरातनं निघते, समुद्रकाठच्या सँत-मारी-द-ला-मेर या गावी, तिथल्या मारी नावाच्या संतिणींना साकडं घालायला. वाटेत क्रो नावाचं माळरान आहे, नुसते गोल गोल दगड, झाड नाही, पाणी नाही, वर उन्हाळा. तिला ऊन लागतं. ती पोचते, पण त्याच गावी देवळात जीव सोडते.

भुसावळ-जळगावकडच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. वैशाखात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि ऊन लागून माणूस जातो हे आपण दरवर्षी बघतो. पॅरिसच्या लोकांना तो शेवट फार जड गेला, कारण गुनो नावाच्या संगीतकारानं 1864 मधे या काव्यावर संगीत नाटक केलं आणि त्याच वर्षी पुढे त्याचा शेवट बदलून गोड पण करून दाखवला, म्हणजे त्यात मिरेय जगते. मला विचाराल तर मूळ शेवटच खरा, त्या माळावर ज्यांनी माणसं गेलेली बघितली त्यांच्यातलाच कवी होता तो.

आता अर्थ. त्या बोलीत ‘मिरार’ असं जुनं क्रियापद आहे, म्हणजे बघणं, कौतुकानं बघत राहणं. नावाचे अभ्यासक बहुतेक हेच मूळ धरतात. तेच लॅटिनमधलं मिरारी, आणि त्याच्याच पोटचे इंग्रजी शब्द आपण रोज वापरतो, मिरर, मिरॅकल, ॲडमायर. तेव्हा मिरेय म्हणजे जिच्याकडे बघतच राहावं अशी, नवल वाटावं अशी. आणि अजून मागं गेलं की गंमत येते. बऱ्याच भाषा-अभ्यासकांच्या मते लॅटिनचं हे मूळ आणि आपल्या संस्कृतचं ‘स्मि’ हे धातू एकाच घरचे. स्मि म्हणजे हसणं, त्याच्यावरनं स्मित, त्याच्यावरनं विस्मय. तुमच्या आईंना हे जरूर सांगा, नातीच्या नावाचं नातं मीरेशी नसलं तरी स्मिताशी आहे. स्मिता तर आपल्या प्रत्येक गल्लीत एक तरी असतेच.

संताचं नाव का, तर नाही. मिरेय नावाची संतीण कधी झाली नाही. फ्रान्समधे कॅलेंडरवर रोज कुणा ना कुणा संताचा दिवस असतो आणि ते नाव असलेल्यांना त्या दिवशी शुभेच्छा देतात, मिरेय नाव असलेल्या बाया हा दिवस 15 ऑगस्टला करतात, कारण तो मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा सण. हे मारियेशी कसं जोडलं गेलं ते पुढच्या प्रश्नात येतंच आहे.

माझं मत विचाराल तर बारशाला मीरा करू नका. ते आजीचं नाव आहे, वहिनीच्या माहेरचं, आपण कानबाईच्या रोटाला दुसऱ्या कुठल्या देवीचं नाव घेऊ का? पाळण्यात आपल्याकडे दोन-तीन नावं ठेवतातच, एक मिरेय, एक आईंच्या पसंतीचं, त्यात कुणाचाच मान कमी होत नाही.

प्रश्न : कवीनं काव्यात घातलेलं नाव लोक खरंच मुलींना ठेवतात का? आणि चर्चनं, सरकारनं कसं चालवून घेतलं? आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधे यावर वाद झाला, एकाचं म्हणणं असं की नाव कवीनं ‘तयार’ केलं तर ते बनावटच.
— बी. ए. चा विद्यार्थी, धुळे

उत्तर : दादा, वाद चांगला आहे. पण मिस्त्रालनं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय की हे नाव त्याच्या घरात होतंच. कुणा पोरीचं कौतुक करायचं झालं की घरातल्या बाया म्हणायच्या, ही तर मिरेय, ही माझी लाडकी मिरेय. पण ही मिरेय कोण, तिचं काय झालं, हे कुणाला विचारलं तर सांगता यायचं नाही, गोष्ट विसरली गेलेली, नाव तेवढं तोंडात राहिलेलं. म्हणजे त्यानं हवेतनं काढलं नाही, घरच्या बोलण्यातनं उचललं आणि त्याला गोष्ट दिली. याला मी बनावट म्हणणार नाही.

चालवून कसं घेतलं, तर सहजासहजी नाहीच. फ्रान्समधे 1803 साली कायदा झाला होता की बाळाला नाव ठेवायचं ते निरनिराळ्या कॅलेंडरांत चालणारं किंवा प्राचीन इतिहासातल्या माणसाचं, बाकी नोंदवायचं नाही. आणि बाप्तिस्म्याला पाद्री विचारणार, हा संत कुठला? काव्य आल्यावर दोनेक वर्षांतच मिस्त्राल एका मित्राच्या मुलीचा धर्मपिता झाला, तिला नाव ठेवायचं होतं मिरेय, आणि पाद्री अडला. तेव्हा मिस्त्रालनं सांगितलं की मिरेय म्हणजे आमच्या बोलीतलं मिरियम. मिरियम हे हिब्रू नाव, मोझेसच्या बहिणीचं, आणि मारिया हे त्याचंच पुढचं रूप. झालं, आता नाव बायबलात बसलं आणि पोरीचा बाप्तिस्मा झाला. अभ्यासकांना हे मूळ पटत नाही, ते ‘मिरार’च धरतात, पण त्या युक्तीनं नावाला दार उघडलं आणि म्हणूनच आजही त्याचा सण मारियेच्या दिवशी येतो.

मला यात सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मिस्त्रालला स्वतःच्या नावाचं पण हेच झालं होतं. तो जन्मला 8 सप्टेंबरला, मारियेच्या जन्मदिवशी, म्हणून त्याच्या आईच्या मनात नॉस्त्रादामुस ठेवायचं होतं. एक तर त्या नावात ‘आमची बाई’ या अर्थाचे शब्द आहेत, तिकडे मारियेला तसंच म्हणतात, आणि दुसरं म्हणजे नॉस्त्रादामुस, तो भविष्यवाला, जवळच्याच सँ-रेमी गावचा. पण सरकारी कचेरीत नाही म्हणाले आणि पाद्र्यानं पण नाही म्हटलं. मग फ्रेदेरिक ठेवलं, ते कुणाचं, तर एका गरीब पोराचं. आई-बापाचं लग्न ठरायच्या काळात तो पोरगा दोघांचे निरोप इकडून तिकडे नेऊन द्यायचा आणि थोड्याच दिवसांत ऊन लागून वारला. निरोप्या पोराची आठवण राहावी म्हणून त्याचं नाव मुलाला. आणि त्याच मुलानं पुढे मोठेपणी जी नायिका लिहिली ती पण ऊन लागून जाते. त्यानं हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण ज्या घरात अशी आठवण नावातनं रोज हाक मारल्यासारखी जिवंत असते तिथल्या माणसाला नावाची किंमत वेगळी कळते एवढं नक्की.

कायद्याचं पुढं काय झालं विचाराल तर तो बराच काळ टिकला. ब्रिटनी भागातल्या एका जोडप्यानं आपल्या पोरांना तिथल्या ब्रेटन भाषेतली नावं ठेवली तर नोंदवून घेईनात, त्यांनी बरीच वर्षं भांडण केलं. 1966 मधे सरकारनं प्रादेशिक नावांना सूट दिली आणि 1993 च्या कायद्यानं आई-बापाला मोकळीक मिळाली. तोपर्यंत मिरेय तर कधीच रुळलं होतं, गेल्या शतकाच्या मध्याला तिकडे भरपूर मुलींना ठेवलं गेलं. गायिका मिरेय मातियो 1946 ची, मिस्त्रालच्या गावाजवळच्या आव्हिन्योंची. नटी मिरेय दार्क 1938 ची, तूलोंची. आता तिकडच्या कानाला ते आजीच्या पिढीचं वाटतं, जसं आपल्याला सुलोचना किंवा कुसुम वाटतं, म्हणूनच पणजीचं नाव नातवंडांत परत येतंय ही चांगली गोष्ट आहे. एक लघुग्रह पण आहे या नावाचा, 594 नंबरचा, 1906 मधे सापडलेला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. शाळेत पोरं अहिराणी बोलली की आम्हीच त्यांना ‘शुद्ध बोल’ म्हणायचो. फ्रान्समधे पण बोलींचं असंच होतं का? आणि आमच्या आज्या-आज्यांची नावं आता कुणी ठेवत नाही, त्याचं वाईट वाटतं.
— एक गुरुजी, शहादा

उत्तर : गुरुजी, अगदी असंच, किंबहुना जास्त कडक. तिकडच्या शाळांत पोरगं गावची बोली बोललं की त्याच्या हातात एखादी खूण द्यायचे, लाकडाचा तुकडा वगैरे, आणि दुसरं पोरगं बोली बोलताना सापडेपर्यंत ती त्याच्याकडेच, शेवटी ज्याच्याकडे राहिली त्याला शिक्षा. बोली म्हणजे अडाण्यांची, गावंढळांची, असं पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या मनात भरलं. म्हणून 21 मे 1854 ला मिस्त्राल आणि त्याचे मित्र, असे सात कवी एकत्र जमले आणि फेलिब्रिज नावाची चळवळ सुरू केली, प्रोव्हांसाल बोलीत लिहायचं, छापायचं, तिला ताठ मानेनं उभी करायची. पुढे मिस्त्रालनं एकट्यानं कित्येक वर्षं खपून त्या बोलीचा दोन जाड खंडांचा शब्दकोश केला. त्यात शेतीची अवजारं आहेत, वाऱ्याची नावं आहेत, म्हणी आहेत, सगळं. 1904 मधे त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, स्पेनच्या होसे एचेगाराय यांच्याबरोबर वाटून. सरकारी भाषा नसलेल्या, शाळेत शिकवत नसलेल्या बोलीत लिहिणाऱ्याला नोबेल! आणि पैसे घातले कुठं, तर आर्ल गावातलं त्यानंच काढलेलं संग्रहालय मोठं करायला, ज्यात खेड्यातल्या लोकांचे कपडे, पाळणे, भांडी, अवजारं ठेवलीत.

अहिराणीचं काय, तर आपल्याकडे तेवढा मोठा धक्का कुणी दिला नाही हे खरं, पण आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. 1880 चा जन्म, अक्षरओळख नाही, लेवा बोलीत जात्यावर, शेतात गाणी रचली, सोपानदेवांनी ती उतरवून ठेवली आणि त्या गेल्यावर 1952 मधे अत्र्यांच्या पुढाकारानं ती पुस्तकात आली. मिस्त्राल शिकलेला होता, वकिली वाचलेला, त्याला छापखाना माहीत होता, पॅरिसचे कवी माहीत होते. बहिणाबाईंकडे यातलं काहीच नव्हतं, फक्त बोली होती आणि डोळे होते. त्यामुळे तुलना करताना मी कधीही बहिणाबाईंना कमी धरणार नाही. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, 2018 पासून. ‘बाई’ लावलेलं खेड्यातलं साधं नाव डिग्रीच्या कागदावर छापून येतं, पोरं नोकरीच्या अर्जात ते लिहितात, ही काय लहान गोष्ट आहे का?

आणि नावांचं म्हणाल तर आपल्याकडची जुनी नावं उगाच ठेवलेली नव्हती. धुडकू, दगडू, उखर्डू, झिपरू. मुलं जगायची नाहीत, मग दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव, बाळाला उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचं आणि मग उखर्डू म्हणायचं. त्यात आई-बापाची केवढी भीती आणि केवढी माया आहे. ती नावं परत ठेवा असं मी नाही म्हणणार, पोरगं शाळेत जाणार, त्याला सांभाळायला लागेल. पण निदान त्यांची गोष्ट तरी लिहून ठेवा, आणि तुमच्यासारख्या गुरुजींनी ते करावं असं फार वाटतं, कारण तुमच्या हाताखालून शेकडो पोरांची हजेरी गेलीय, कुठल्या गावात कुठलं नाव का ठेवतात हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार. प्रोव्हांसमधे मिरेयची मूळ गोष्ट हरवली ती हरवलीच, एका कवीला नवी रचावी लागली. आपल्या झुंबर, ठगू, केसर, भागा यांच्या गोष्टी अजून सांगणाऱ्या आज्या घरात बसलेल्या आहेत, त्यांना आज विचारता येतं. आणि शाळेत पोरगं “मी जास” म्हणालं तर त्याला “तुझ्या घरी अजून काय काय म्हणतात सांग” म्हणून वहीत लिहायला लावा असं तुमच्या जागी आलेल्या नव्या शिक्षकांना सांगा, प्रमाण मराठी त्याला तशीही येणारच आहे.

प्रश्न : पहिल्या ताईंनी विचारलंय तसंच माझं पण एक, माझ्या नणदेच्या घरी हेच नाव ठेवायचं चाललंय. उच्चार नेमका काय, पत्रिकेत कसं छापायचं, आणि रास कुठली येते?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : उच्चार ‘मि-रेय’, जोर रेय वर, शेवटचा य हलका, ‘सोय’ मधला य म्हणतो तसा. फ्रेंच र घशातनं येतो, आपण आपला र म्हटला तरी काही बिघडत नाही, दक्षिण फ्रान्समधल्या जुन्या लोकांचा र बराचसा आपल्यासारखाच असतो. स्पेलिंगमधे शेवटाकडे दोन एल असतात म्हणून आपल्याकडे लोक ‘मिरैल’ नाही तर ‘मिरेली’ वाचतात, तेव्हा पत्रिकेत देवनागरीत ‘मिरेय’ असं स्पष्ट छापा आणि इंग्रजी स्पेलिंग नकोच. मि वरून बघणारे लोक मघा नक्षत्र आणि सिंह रास धरतात, पण ते नावावरनं झालं, जन्मरास तुमच्या गुरुजींकडून जन्मवेळेवरूनच काढून घ्या. घरात लाडानं मिरी होणार हे धरून चाला, आपल्याकडे दोन अक्षरांपेक्षा मोठं नाव पाळण्याच्या बाहेर टिकत नाही. फक्त शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर पहिल्यापासून एकच स्पेलिंग ठेवा, नाहीतर पुढे दुरुस्तीसाठी पोरीलाच चकरा माराव्या लागतील.